मापात पाप नको

पनवेलच्या बाजारपेठेत धान्याचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांनी पंचावन्नाव्या वर्षी वडिलांची जुनी बजाज चेतक स्वतः दुरुस्त करण्याचे मनावर घेतले. आकुर्डीच्या कारखान्यात १९७२ पासून तयार होणाऱ्या या स्कूटरसाठी त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. वडिलांनीही तशीच वाट पाहून १९७८ साली ती घरी आणली होती. पुढे ती गोदामाच्या कोपऱ्यात पोत्यांआड पडून राहिली. भंगारवाल्याने तिचा भाव किलोवर सांगितला, तेव्हा गृहस्थांनी हाती पाना घेतला.

यंत्रविद्येचे शिक्षण त्यांना नव्हते. वहीची शिस्त मात्र अंगी होती. सुटा केलेला प्रत्येक भाग ते क्रमाने कापडावर मांडीत आणि रोजमेळासारखी त्याची नोंद ठेवीत. कार्ब्युरेटर धुतला, काजळी धरलेले पॉइंट घासले, गंजलेल्या केबल बदलल्या. दोन महिन्यांनी इंजिन बोलू लागले.

खरी परीक्षा त्यानंतरची होती. चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक. पिस्टनला वंगण मिळावे म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. प्रमाण दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. हे तेल पेट्रोलबरोबरच जळते. जास्त झाले तर धूर, कमी झाले तर पिस्टन कोरडा पडतो.

इंजिन जुने म्हणून पहिल्या फेरीला त्यांनी हात सैल सोडून तेल ओतले. पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळ्याची खिंड लागते. १९६८ साली घोषित झालेले पक्षी अभयारण्य तेथेच आहे. मागे वळून पाहिले, तर निळसर धुराचा पट्टा झाडीत शिरत होता. आपल्या हौसेचा भार मुक्या जीवांनी का सोसावा, या विचाराने ते तसेच परतले.

पुढच्या वेळी त्यांनी तेलाला दुसऱ्या टोकाची कात्री लावली. धूर दिसला नाही. पण त्याच चढावर पिस्टन सिलिंडरमध्ये जखडला आणि मागचे चाक अडकले. क्लच वेळीच दाबला म्हणून ते पडले नाहीत. वडिलांच्या हातचा मूळ पिस्टन मात्र कायमचा गेला. लेथवाल्याकडून सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागला. वहीत त्यांनी हा खर्च लिहिला. पिस्टनपुढची रकमेची जागा कोरी ठेवली.

आता पेट्रोल पंपावर ते खोकल्याच्या औषधाचे झाकण काढतात आणि तेल रेघेपर्यंत मोजून घालतात. मागचा ग्राहक हॉर्न वाजवतो. ते घाई करीत नाहीत. तराजूपाशी बसलेले वडील नोकरांना बजावत, ‘मापात पाप नको.’ ते बोल ग्राहकाला कमी न देण्यासाठी आहेत, असेच मुलाने आजवर मानले होते. जास्त देण्यातही दोष असू शकतो, हे त्याला कर्नाळ्याच्या चढाने शिकवले.

खिंडीतून चेतक आता बेताच्या वेगाने जाते. मागे धूर जवळजवळ राहत नाही.