हिरवी खूण कोणत्या वाक्याची?

संपादकांनी फोनवर विचारलं, ‘भाषांतर आता यंत्र करतं, तपासणी यंत्रच करतं, आणि दोघांना जोडायला प्रोग्रामिंगही लागत नाही म्हणतात. मग तुम्ही लोक नेमकं काय करता?’ प्रश्न मनापासून विचारलेला होता, म्हणून उत्तरही नीट द्यावं असं ठरवलं. शिवाय गेल्या पावसाळ्यातलं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

एक संस्था गरोदर बायकांना मोबाइलवर आरोग्याचे संदेश पाठवते. संदेश इंग्रजीत डॉक्टर लिहितात, मराठी यंत्राकडून करून घेतलं जातं. सगळं एका डेटाबेसच्या तक्त्यात असतं : एका रकान्यात इंग्रजी, शेजारी मराठी आणि त्यापुढे भाषांतराला मिळालेले गुण. गुण देणारं साधन बाहेरच्या कंपनीचं. संस्थेतल्या एका हुशार मुलाने एकही ओळ कोड न लिहिता दोन्ही जोडून दिलं. ८५ च्या वर गुण मिळाले की हिरवी खूण, आणि हिरवी खूण असली की संदेश रवाना.

त्यातला एक संदेश होता : लोहाची आणि कॅल्शियमची गोळी जेवणानंतर घ्या. भाषांतर चांगलं होतं, गुणही भरघोस मिळाले. पुढे डॉक्टरांनी इंग्रजी मजकूर दुरुस्त केला. या दोन गोळ्या एकत्र घेऊ नका, मध्ये किमान दोन तास जाऊ द्या, असं लिहिलं. कॅल्शियममुळे लोह शरीरात नीट शोषलं जात नाही, म्हणून ही सूचना हवीच होती. पण मराठी रकाना जुनाच राहिला. शेजारचे गुण जुने, खूण हिरवी, आणि संदेश जात राहिला. शेवटी एका आशाताईंनी विचारलं, ‘प्रशिक्षणात आम्हाला एक सांगता आणि मोबाइलवर दुसरंच येतं, असं कसं?’ तेव्हा कुठे उलगडा झाला.

बैठकीत सगळ्यांनी एआयला दोष दिला. मला ते मान्य नव्हतं, आजही नाही. यंत्राला जे वाक्य दिलं होतं, त्याचं भाषांतर बरोबर होतं. तपासणीच्या साधनाला जी जोडी दिली होती, तिला दिलेले गुणही रास्त होते. बिघाड होता तो मधल्या जोडणीत. तिथे कोणी बघत नाही, कारण ‘ते तर सोपं झालंय’.

सोपं झालंय हे खरंच. २०११ साली झेपियर आलं, पुढे इंटेग्रोमॅट आलं (त्याचंच नाव आता मेक), २०१९ मध्ये बर्लिनहून एन-एट-एन आलं. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि त्यांना रेघांनी जोडायचं. पहिल्या चौकटीला ट्रिगर म्हणतात, म्हणजे काय घडलं की काम सुरू व्हायचं ते. ट्रिगर दोन तऱ्हांचे. पत्र आलं की पोस्टमन दारात येतो, तसा एक : डेटाबेस स्वतःहून कळवतो, त्याला वेबहुक म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत आपणच ठरावीक वेळाने पोस्टात जाऊन ‘आमचं काही आलंय का?’ विचारायचं. संस्थेची जोडणी दुसऱ्या तऱ्हेची होती आणि ती फक्त ‘नवी नोंद’ विचारत होती. एकदा पाहिलेल्या नोंदीचा क्रमांक ती लक्षात ठेवते आणि पुन्हा त्या नोंदीकडे फिरकत नाही. डॉक्टरांनी जुन्या नोंदीतला मजकूर बदलला तरी नोंदीचा क्रमांक तोच, म्हणजे जोडणीच्या लेखी काही घडलंच नाही.

मग ‘नवी किंवा बदललेली नोंद’ असा ट्रिगर का लावला नाही? त्या मुलाने लावून पाहिला होता. पण गुण त्याच ओळीत लिहिले की ओळ बदलते. ओळ बदलली की पुन्हा तपासणी, पुन्हा गुण, पुन्हा बदल. हा लूप थांबत नाही, आणि प्रत्येक तपासणीचे पैसे पडतात. बिल बघून तो मागे फिरला. त्याच्या जागी दुसरा कोणीही तेच करता.

उपाय अवघड नाही, पण तो आधी सुचावा लागतो. गुण मजकुराच्या तक्त्यात ठेवायचेच नाहीत, त्यांचा तक्ता वेगळा. आणि प्रत्येक गुणासोबत इंग्रजी व मराठी मिळून तयार होणारा हॅश साठवायचा. हॅश म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेली छोटी ओळख. मजकुरात एक अनुस्वार बदलला तरी ती बदलते. संदेश निघण्यापूर्वी हॅश पुन्हा काढायचा. साठवलेल्या हॅशशी जुळला नाही तर हिरवी खूण बाद. गुण वाक्याचे असतात, नोंदीच्या क्रमांकाचे नसतात, एवढं त्या जोडणीला सांगावं लागतं.

आता त्या ८५ बद्दल. तो आला कुठून, हे संस्थेत कोणालाच सांगता येईना. नमुन्याच्या सेटिंगमध्ये होता, तसाच राहिला. भाषांतराला एकच आकडा देण्याच्या या सवयीशी माझं जुनं भांडण आहे आणि ते इथे मांडल्याशिवाय मला राहवत नाही.

२००२ साली आयबीएममधल्या किशोर पापिनेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्लू’ नावाचं सूत्र मांडलं. माणसाने केलेल्या भाषांतराशी यंत्राच्या भाषांतरातले एकेक शब्द आणि दोन, तीन, चार शब्दांच्या साखळ्या किती जुळतात, ते मोजायचं. समजा, माणसाचं वाक्य आहे ‘मुलाच्या घरासमोर मोठं झाड आहे’. एका यंत्राने दिलं, ‘मुलाच्या घराच्या समोर मोठं झाड आहे’. दुसऱ्याने दिलं, ‘मुलाच्या घरासमोर मोठं झाड नाही’. पहिल्यात चार शब्दांची एकही साखळी जुळत नाही, म्हणून मूळ सूत्राप्रमाणे गुण शून्य. दुसऱ्याला शंभरात सुमारे ६७. अर्थ उलटा करणारं वाक्य पास आणि बरोबर वाक्य नापास! ज्यांनी सूत्र काढलं त्यांचा यात दोष नाही. त्यांनी ते एकेका वाक्यासाठी केलेलंच नव्हतं, मोठ्या मजकुरावर सरासरी काढण्यासाठी केलं होतं. पण आकडा हातात आला की लोक तो कुठेही लावतात. आणि मराठीसारख्या भाषेत, जिथे विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात, त्याची झळ जास्त बसते.

२०१५ मध्ये माया पोपोविच यांनी शब्दांऐवजी अक्षरांच्या साखळ्या मोजणारं ‘सीएचआरएफ’ सुचवलं, ते आपल्याला पुष्कळ बरं. २०२० मध्ये ‘कॉमेट’ आलं. ते माणसांनी दिलेल्या गुणांवरून शिकतं आणि अर्थाच्या जवळ जातं. तरीही २०२२ साली झुरिकच्या संशोधकांनी दाखवलं की आकडे आणि विशेषनामं चुकली तर कॉमेट पुरेसं सावध होत नाही. ‘दोन तास’चे ‘बारा तास’ झाले तरी गुण फारसे घसरणार नाहीत, ही भीती त्यामुळे खरी आहे. म्हणून आम्ही त्या जोडणीत एक साधी चौकट घातली : इंग्रजीतल्या संख्या आणि मराठीतल्या संख्या, अंकी असोत वा अक्षरी, जुळतात का? नाही जुळल्या तर लाल. गुण काहीही असोत.

माझा कौल चुकांच्या जातवारीला आहे. युरोपातल्या क्यूटी-लाँचपॅड प्रकल्पातून पुढे आलेल्या ‘एमक्यूएम’ पद्धतीत तपासणारा माणूस चूक कुठे आहे, कोणत्या जातीची आहे आणि किती गंभीर आहे हे सांगतो. किरकोळ चुकीचं वजन १, मोठीचं ५, गंभीरचं २५ धरण्याची पद्धत रूढ आहे. मराठीसाठी हे झालेलंच नाही, असंही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडिक एमटी इव्हॅल’ या कामात मराठीसह पाच भारतीय भाषांतल्या सात यंत्रांच्या भाषांतरांवर ७,००० बारकाईच्या नोंदी माणसांनी केल्या. इतकी मेहनत उपलब्ध असताना आपण नमुन्यातला ८५ घेऊन बसायचं, याचा मला राग येतो.

आणखी एक गोष्ट खास आपल्या लिपीची. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ या शब्दांतला र संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. एक रीत स्वतंत्र ‘ऱ’ची. दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. संस्थेच्या जोडणीत ‘मजकूर स्वच्छ करा’ अशी एक तयार चौकट होती आणि ती अदृश्य चिन्हं काढून टाकत होती. त्यामुळे तक्त्यात ‘दुसऱ्या महिन्यात’ आणि तपासणीला जाताना ‘दुसर्या महिन्यात’. गरोदरपणाच्या संदेशांत हे शब्द सारखे येतात. चांगल्या भाषांतरांचे गुण कमी का येतात, हे कोणालाच कळत नव्हतं. भाषांतरकारांना मात्र त्यावरून बोलणी खावी लागली होती.

लोक मला विचारतात, ‘मराठीचं परत इंग्रजी करून पाहिलं की झालं ना?’ नाही होत. परतीचं यंत्र मोडकं मराठीही गुळगुळीत इंग्रजीत सांगतं. वाचणाऱ्या बाईला ते मराठी कळेल का, हे त्यातून समजत नाही.

नवी जोडणी सुरू झाली आणि लाल नोंदींची रांग वाढली. संस्थेने सुचवलं, ८५ चा ७५ करू. मी नाही म्हटलं. त्याऐवजी संदेशांची दोन तक्त्यांत विभागणी केली. शिबिराची तारीख, दवाखान्याची वेळ असले संदेश संख्यांची पडताळणी आणि गुण यांवर आपोआप जातात. औषध, मात्रा आणि धोक्याची लक्षणं यांच्या तक्त्याला हिरवी खूण उमटवण्याचा अधिकार जोडणीला दिलेलाच नाही. ती रांग एक भाषांतरकार आणि एक परिचारिका वाचतात, दोघींची नावं नोंदीत राहतात, आणि त्यांना शब्दामागे नव्हे, तासामागे पैसे मिळावेत यासाठी माझा पाठपुरावा सुरू आहे.