प्रबंधाची पाने

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले आता पीएच.डी.चे प्रबंध लिहू लागली आहेत. विषयाला ती डगमगत नाहीत. पण एका माजी विद्यार्थिनीचा पूर्ण झालेला प्रबंध कार्यालयातून परत आला, तो केवळ पृष्ठक्रमांकांवरून. घरात ती पहिलीच पदवीधर; विचारणार कोणाला? म्हणून आम्ही येथे लिहीत आहोत.

ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांना लहान रोमन अंक आणि पहिल्या प्रकरणापासून १, असा संकेत आहे. त्यामागे इतिहास आहे, आणि तो सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. छापखान्यात मुख्य मजकूर आधी छापला जाई. प्रस्तावना मागाहून येई. तिची पाने किती होतील हे ठाऊक नसल्याने तिला निराळे अंक देणे सोयीचे होते.

वर्डमध्ये बहुतेकजण अडतात ते एकाच जागी. पहिल्या प्रकरणाआधी साधा ‘पेज ब्रेक’ पुरत नाही. ‘लेआउट’मधील ‘ब्रेक्स’ उघडून ‘सेक्शन ब्रेक’खालचा ‘नेक्स्ट पेज’ निवडावा. मग त्या प्रकरणाच्या फूटरवर दोनदा क्लिक करून ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करावे; ते चालू राहिल्यास पुढे केलेला बदल मागच्या पानांवरही उमटतो. नंतर ‘फॉरमॅट पेज नंबर्स’मध्ये ‘स्टार्ट ॲट’पुढे १ लिहावा. रोमन अंकांची निवडही तेथेच, मात्र कर्सर आधीच्या भागात ठेवून.

अनुक्रमणिका हाताने टंकू नये. मार्गदर्शकांनी एक परिच्छेद वाढवायला सांगितला, की सारे आकडे सरकतात.

सुटीत शाळेत येणाऱ्यांनी आपली फाइल सोबत आणावी. संगणक कक्षाची किल्ली आमच्याकडेच असते.