वरच्या कोर्टाचे दार

आठवीला नागरिकशास्त्र शिकवताना मी फळ्यावर त्रिकोण काढते. तळाशी जिल्हा न्यायालय, मध्ये उच्च न्यायालय, टोकावर सर्वोच्च न्यायालय. 'खाली इन्साफ मिळाला नाही तर वर जाता येते,' असे सांगितले की तास संपतो. मागे एका मुलीने विचारले, "बाजी, हर कोई ऊपर जा सकता है?" मी "हाँ" म्हणून मोकळी झाले. रात्री मात्र झोप लागेना.

मी देसाईगंजची, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या वडशाची. लहानपणी अम्मी बजावायची, "ठाण्याच्या रस्त्याने एकटी येऊ नको." कारण कधी सांगितले नाही. बी.एड. करताना एका पुस्तकात आमच्या गावाचे नाव सापडले, तेव्हा ते कळले.

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. तिचे नाव जगजाहीर आहे; मी लिहीत नाही. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. तेव्हा सारा मुलूख चांद्याचा. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे त्या निकालाचे सार होते.

इथेच माझा त्रिकोण चुकतो. उच्च न्यायालयाने सुटका फिरवून फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नसलेली कैद दिली, तर आरोपीला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असतो. पाच वर्षांच्या शिक्षेला तो नाही. मग उरते घटनेचे कलम १३६, विशेष परवानगी. ती द्यायची की नाही, हे न्यायालयाच्या मर्जीवर. इथे परवानगी मिळाली आणि १९७८ साली दोघे सुटले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, हे तिच्या विरोधात धरले गेले.

आपल्यात गाजलेला शाहबानो खटलाही विशेष परवानगीनेच वर गेला. अपील पतीने केले होते. १९८५ चा निकाल मात्र तिच्या बाजूने लागला. दार तेच, नशीब वेगळे.

वडशाच्या मुलीसाठी ते दार पुन्हा उघडले नाही. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. बायका रस्त्यावर आल्या. पुनर्विचाराची मागणी झाली, तेव्हा मागणाऱ्यांना तसा अधिकार नाही असे ठरले. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचाराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असे तिने कोर्टात सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचे. पण तो पुढच्या मुलींसाठी; तिचा निकाल तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी म्हटले, "माझे कालचे उत्तर चुकले. वर अर्ज कुणीही करू शकतो. ऐकायचे की नाही, ते बहुधा वरचे ठरवतात. आणि वर नवे साक्षीदार सहसा तपासत नाहीत, खाली लिहिलेलेच वाचतात."

ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाजी, तो नीचे का काग़ज़ पक्का होना चाहिए."

आता त्रिकोण काढल्यावर मी तळापासून शिकवायला लागते. फिर्याद कशी लिहावी, वाचून घेतल्याशिवाय सही का करू नये, आधी ते.