आमचा पोकर

पत्ते आणि संसार या दोन गोष्टी कुणी शिकवून येत नाहीत, असे माझे जुने मत होते. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने ते बदलायचा प्रयत्न केला. हा भाचा पुण्याला असतो आणि आमच्या डहाणूला वर्षातून दोनदा येतो: एकदा चिकू खायला आणि एकदा चिकू न्यायला. पूर्वी तो फोनवर पैसे लावून पोकर खेळायचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तेव्हापासून त्याला खेळायला खरी माणसे लागतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री चकलीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून तो म्हणाला, "मामा, तुला पोकर शिकवतो."

"म्हणजे आपली तीन पत्तीच ना?"

"छे! तीन पत्ती नशिबावर चालते, पोकर डोक्यावर."

डोक्यावर चालणाऱ्या गोष्टींपासून मी आयुष्यभर लांब राहिलो. तलासरीच्या एका कचेरीत मी कारकून होतो. ठाणे जिल्ह्याचा कारकून म्हणून लागलो आणि पालघर जिल्ह्याचा कारकून म्हणून निवृत्त झालो. मी जागचा हललो नाही. २०१४ साली जिल्हाच हलला. पण सणाची रात्र होती. शिवाय बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. त्या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा आहे. त्यांच्या खेळाचे शिल्प वेरूळला आहे. म्हणजे धर्माची परवानगी होती. प्रश्न घरच्या परवानगीचा होता. सौभाग्यवतीने अट घातली, "पैसे लावायचे नाहीत." मग नातवासाठी धुऊन वाळवून ठेवलेल्या चिकूच्या बिया प्रत्येकी चाळीस वाटून घेतल्या. आमच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. इतक्या मानाच्या बियांनी जगात कुणी जुगार खेळला नसेल.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे. मधे सगळ्यांच्या मालकीचे पाच पत्ते उघडतात: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. सातांतून आपले उत्तम पाच धरायचे. बोली चार वेळा.

"पहिला धडा," भाचा म्हणाला, "पत्ते टाकायला शीक."

"अरे, अजून खेळलो कुठे?"

"नवशिक्याने दहांतले सात-आठ डाव टाकायचेच. दोन एक्के हातात यायची शक्यता २२१ वेळांत एकदा. बाकी कचरा फार."

आता आमचे बालपण 'पानात टाकायचं नाही' हे ऐकण्यात गेलेले. वाटीतली कारल्याची भाजी मी संपवली, तो मी हातातले पान कसा टाकणार? मी प्रत्येक डाव शेवटपर्यंत खेळलो.

दुसरा धडा: शेवटी बोलणारा फायद्यात, कारण तोवर त्याला इतरांचा रंग कळलेला असतो. हे मला पटले. आमच्या घरात शेवटचे कोण बोलते, हे मी तीस-पस्तीस वर्षे पाहतो आहे.

तिसरा धडा हिशेबाचा. माझ्याकडे चार बदाम झाले होते, पाचव्याची वाट पाहत होतो. मधे वीस बिया, पुढे राहायला मला दहा भरायच्या. भाचा म्हणाला, "न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदाम ९. म्हणजे पाच वेळांत जेमतेम एकदा लागेल. वीसासाठी दहा भरायचे, तर तीनांत एकदा तरी लागायला हवा. सोड." मी सोडले नाही. किलवरची तिर्री आली.

मग एकदाचा माझा सिक्वेन्स लागला, पंजीपासून नश्शीपर्यंत. मी ढीग ओढला तर भाच्याने हात धरला. त्याच्याकडे कलर होता.

"सिक्वेन्स मोठा!" मी ओरडलो.

"तीन पत्तीत. तिथे सिक्वेन्स ७२० प्रकारे लागतो, कलर १०९६ प्रकारे. पाच पत्त्यांत उलटं: सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. जे दुर्मीळ, ते मोठं."

माझी होती नव्हती ती विद्या अशी एका वाक्यात बुडाली. शेवटचा धडा ब्लफचा होता: पत्ते कसेही असोत, चेहरा दगडासारखा ठेवायचा. मी ठेवला. दारातून आवाज आला, "अहो, खोटं वागायचं असलं की तुम्ही कान खाजवता."

"मामी, तूच बस की!" भाचा म्हणाला. ती बसली. पाच डाव तिने निमूटपणे टाकले. सहाव्याला सगळ्या बिया पुढे सरकवल्या. तिच्याकडे नक्की एक्के असणार, म्हणून मी राजांची जोडी टाकली. भाच्याने तिचे पत्ते उलटून पाहिले तर दुर्री आणि सत्ती! पोकरमध्ये याहून वाईट हात नाही म्हणे.

"अगं, एवढी थाप मारायला कुठे शिकलीस?"

"तुमच्याकडेच. सत्त्याऐंशीच्या दिवाळीत सणाची उचल मंजूर झाली नाही म्हणालात ना, तेव्हाही कान खाजवत होतात."

मी गप्प झालो. उचल मंजूर झाली होती. ती तलासरीत एका रात्रीत तीन पत्तीत गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ म्हटले आणि त्याच निकालात तीन पत्तीला निव्वळ नशिबाच्या खेळांत बसवले. कायद्याची पुस्तके कपाटात असलेल्या कचेरीत बसून मी ते वाचले नव्हते. त्या वर्षी घरात नवी साडी आली नाही, करंज्याही मोजून झाल्या. अडतीस वर्षे मला वाटत होते की तो एक डाव मी जिंकला.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

बिया बरणीत भरत ती म्हणाली, "तुमच्या तीन पत्तीत शो मागणाऱ्याला पैसे भरावे लागतात ना? तेव्हा घरात नव्हते."

भाचा मान खाली घालून पत्ते पिसू लागला. त्याने मला दोन पत्ते वाटले. मी ते न बघताच टाकले.