जुलैत घर बघणाऱ्या आत्यास

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, रात्री

ती. आत्यास,


आज आम्ही पहिलं घर बघून आलो. नुसतं बघून, घेतलंबिघेतलं काही नाही, तेव्हा लगेच पेढे वाटू नकोस. इथे रविवारी दुपारी दोन-तीन तास घर येईल त्याला बघायला उघडं ठेवतात, त्याला ओपन हाउस म्हणतात. कोपऱ्यावर गवतात खोचलेली पाटी, पाटीला दोन फुगे आणि दार सताड उघडं. मालक त्या वेळी घरात थांबत नाहीत, म्हणजे बघणाऱ्याला मोकळेपणी कपाटंसुद्धा उघडता येतात. मला काही ते जमेना. नवऱ्याने मात्र दोन्ही संडासांचे फ्लश ओढून बघितले.

दाराशी वही होती: नाव, फोन, ईमेल लिहा आणि बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवा. मी सवयीने चपलाच बाहेर काढल्या. आत एजंटबाई, अगदी हसतमुख. पण ती विकणाऱ्याची माणूस. आपण किती रकमेपर्यंत जाऊ शकतो हे तिच्यासमोर आपसातसुद्धा बोलायचं नाही, असं ऑफिसातल्या मैत्रिणीने बजावलं होतं. आणि आमचे हे स्वयंपाकघरात उभे राहून खणखणीत मराठीत आकडा बोलले! एडिसनमध्ये मराठी कुणाला कळत नाही, हा त्यांचा समज.

मी तिला सहज विचारलं, "आजूबाजूला भारतीय लोक आहेत का?" ती हसली आणि म्हणाली, "याचं उत्तर मला देता येत नाही. स्टेशन किती लांब आहे ते सांगते." मला आधी तुटकपणा वाटला. मग कळलं, इथे १९६८चा कायदा आहे. वंश, धर्म, मूळ देश बघून घर देण्या-नाकारण्यात भेदभाव करता येत नाही, म्हणून शेजारी कोण राहतं यावर एजंट तोंडच उघडत नाहीत. मला आमचा अंधेरीचा दलाल आठवला. भाड्याच्या जागेचं कुलूप काढायच्या आधी त्याने आडनाव विचारलं होतं आणि जिना चढता चढता, "मासे-मटण करता का?"

तरी गंमत ऐक. परतताना आम्ही गल्लीतून गाडी अगदी हळू नेली आणि दारांवरची तोरणं मोजली. चार निघाली. बाईने जे सांगायला नकार दिला तेच आपण मोजतोय, हे गाडीतच माझ्या लक्षात आलं. पण पाचवं शोधायचं काही थांबले नाही.

आता मुद्द्याचं. वर सगळीकडे दालचिनीच्या मेणबत्तीचा वास होता. तळघराच्या पायऱ्या उतरले आणि निम्म्यात तो संपला. डोंबिवलीचा ब्लॉक घेताना तू बिल्डरला म्हणाली होतीस ना, "सही आत्ता नाही, जुलैत येते आणि भिंत बघते"? तेच डोक्यात आलं. तीन भिंती जुन्या, पिवळट. चौथीला कमरेपर्यंत पांढरा रंग, कोरा करकरीत. कोपऱ्यातल्या खड्ड्यात पाणी उपसायचा पंप, शेजारी हवेतली ओल ओढणारं यंत्र घरघरत होतं. मी तुझ्यासारखा पालथा हात भिंतीला लावला. गार होती. पण तळघराची भिंत गारच असणार, नाही का? तुला लगेच कळलं असतं.

१ सप्टेंबर २०२१च्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने या भागातली कितीतरी तळघरं भरली होती. तेव्हा इथे पाणी आलं होतं का, असं विचारलं, तर बाईने छापील फॉर्म हातात दिला. पूर आल्याचं ठाऊक असेल, तर विकणाऱ्याने ते लिहून द्यायचं, असा नियम न्यू जर्सीत २०२४पासून आहे. पण घर वडिलांचं, विकणारा मुलगा दुसऱ्या राज्यात. रकान्यामागून रकान्यात एकच उत्तर: माहीत नाही.

वडिलांना मात्र सगळं माहीत असणार. तळघरातल्या विजेच्या बोर्डावर प्रत्येक बटणासमोर कागदाची पट्टी होती, त्यावर थरथरत्या पण नेटक्या अक्षरात नावं: फ्रिज, भट्टी, पोर्च. एका पट्टीवर मुलाचं नाव लिहून खोडलेलं, त्यापुढे "शिवण". तेही खोडलेलं. पुढे काहीच नाही. मी तिथे बराच वेळ उभी होते. हे वरून हाका मारत होते.

मागणी ५ लाख ८९ हजार डॉलरची आहे आणि लोक त्याच्याही वर बोली लावतात. शिवाय मालमत्ता कर वर्षाला ११ हजारांच्या वर. या राज्यात तो देशात सगळ्यात जास्त असतो. आधी २० टक्के भरता आले नाहीत, तर कर्जावर विम्याचा भुर्दंड. बोली मान्य झाली तरी कामाचे तीन दिवस वकिलांचे. तेवढ्यात कुणाचाही वकील करार मोडू शकतो. मग तपासनीस येणार, जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू मोजणार, अंगणात तेलाची जुनी टाकी पुरलेली आहे का ते बघणार. एवढं सगळं मोजतात, पण घर पावसात बघायची सोय कुणी ठेवलेली नाही.

बोली द्यायची मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत. उद्या रात्री जोराच्या पावसाचा अंदाज आहे. जेवण झालं की आम्ही गाडी घेऊन त्या गल्लीत जाणार आहोत. आत शिरता येणार नाही, पण पाणी कुठून येतं आणि कुणाच्या दाराशी थांबतं ते तरी दिसेल. छत्र्या आत्ताच गाडीत ठेवल्या आहेत.

तुझी भाची