मनीला सोमवार नसतो

कोल्हापुरात आठवड्याचे वार दोन प्रकारचे असतात. खायचे आणि न खायचे. बुधवार, रविवार खायचे. सोमवार, गुरुवार, शनिवार न खायचे. मंगळवार आणि शुक्रवारचं ज्या-त्या घरात देव बघून ठरतं. श्रावण लागला की महिनाभर सगळंच बंद. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात न खाण्याचं वेळापत्रकही इतकं बारीक आहे. म्हणजे आपण खातो तेही ठरवून आणि सोडतो तेही ठरवून.

मांजराला यातलं काहीच ठरवता येत नाही. आमच्या घरी हा प्रश्न उभा राहिला, कारण पप्पांनी माळ घातली.

रविवारचं मटण स्वतः उभं राहून निवडून आणणारा माणूस एका आषाढीला पंढरपूरला गेला आणि गळ्यात तुळशीची माळ घालून परत आला. माळ आली की मांसाहार सुटला. आईनं मटणाचं पातेलं माळ्यावर टाकलं. मी घरूनच ऑफिसचं काम करत होतो, पण कोल्हापुरात मटण खायला घराबाहेर पडलं तरी पुरतं, त्यामुळे माझं काही अडलं नाही. अडली ती मनी. तिला बाहेर ऑर्डर देता येत नव्हती. पप्पांनी तिला प्रेमानं दूध-भाकरी सुरू केली. पातेल्यातलं पहिलं दूध तिला.

काही महिन्यांत तिचे केस राठ झाले, पोट बिघडायला लागलं. शिवाय ती आता जास्त शिकार करायला लागली. एकदा चिमणी, एकदा खारीचं पिल्लू, आणि दोन्ही आणून ठेवले देवघराच्या उंबऱ्यावर. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "हे कुत्रं नव्हं. भाकरीवर जगणार नाही."

त्या रात्री मी वाचत बसलो. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर वाढला, त्यामुळे स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती त्याच्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. मांजराचं तसं नाही. टॉरिन नावाचा एक घटक त्याच्या शरीराला पुरेसा बनवताच येत नाही, तो मांस-मासळीतूनच घ्यावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदयाचे स्नायू ढिले पडतात. टॉरिन आणि हृदयाचा हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवला. गाजरातल्या रंगद्रव्यापासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला तेही जमत नाही. आणि मोठ्या मांजराला बहुतेक वेळा दूधही नीट पचत नाही.

सगळ्यात मजेशीर गोष्ट २००५ सालच्या एका शोधनिबंधात सापडली. मांजराला गोड चवच कळत नाही. गोड ओळखणारं एक जनुक त्याच्यात आहे, पण मोडलेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोडमध्ये ती ओळ आहे, पण कुणीतरी कॉमेंट करून ठेवलीय. वाघात आणि चित्त्यातही ती तशीच बंद आहे.

चित्त्यावरून मला लहानपणी पप्पांनीच सांगितलेली गोष्ट आठवली. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळायचे. आपल्याकडचे संपत आले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले. डोळ्यांवर टोपी घालून त्यांना गाडीतून माळावर न्यायचे, काळवीट दिसलं की टोपी काढायची. चित्त्यानं ते धरलं की त्याला मांसाचा वाटा देऊन बाजूला करायचं. मी पप्पांना म्हटलं, "त्या चित्त्याला टोपी घालून घ्यायला शिकवलं, गाडीत बसायला शिकवलं, माणसाचं ऐकायला शिकवलं. भाकरी खायला कुणाला शिकवता आलं का?"

पप्पा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी सकाळी स्कूटरची किल्ली घेत आईला म्हणाले, "माळ मी घातलीय, तिनं न्हाई."

मासळी बाजारात माळकरी माणूस दिसला की काय होतं, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. पहिल्याच दिवशी ओळखीच्यानं विचारलं, "काय अण्णा, माळ काढली व्हय?" पप्पा म्हणाले, "मांजराला हाय." समोरचा हसला. अशी उत्तरं त्यानं बरीच ऐकली असणार. भजनी मंडळातही कुजबुज झाली. मी म्हटलं, मी आणत जातो. त्यांना ते नको होतं. "मांजर कुणी आणलं? मी. मग मीच जाणार." आता परसदारी वेगळी चूल, वेगळं भांडं, बिनमिठाची उकडलेली मांदेली, कधी कोंबडीची कलेजी. एकादशीला मात्र कॅटफूडचं पाकीट. त्यातही कोंबडीच असते, हे त्यांना माहीत आहे. पाकीट बंद असतं, एवढाच आधार.

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं की भरपूर मांस असलेलं खाणं दिलं की मांजरांनी घरी आणलेल्या शिकारी ३६ टक्क्यांनी कमी होतात. पप्पांना हे सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "म्हंजे चिमण्या वाचत्यात?"

पन्हाळ्याकडच्या मामांच्या गावात मध्यंतरी बिबट्यानं कुत्रं उचललं. गावात जो-तो त्याला हिंस्र, माजलेला म्हणत होता. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या पट्ट्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला गेला. २०१४ साली छापलेल्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के खाणं कुत्र्यांचं निघालं आणि शेळ्यांचं फक्त ११ टक्के. शेळ्या मात्र त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होत्या. फरक एवढाच की शेळ्यांवर राखण असते आणि कुत्री मोकळी फिरतात. बिबट्या मांस खाणारच. कुणाचं, यात थोडा वाटा आपल्या दाराच्या कडीचाही असतो. मामांनी आता राहिलेलं कुत्रं रात्री गोठ्यात घ्यायला सुरुवात केलीय.

मनी अजूनही अधूनमधून चिमणी आणते. पप्पा तिला ओरडत नाहीत. जास्वंदीखाली खड्डा काढून चिमणी पुरतात, हात धुतात आणि हरिपाठाला बसतात. मनी शेजारी बसून पंजे चाटत असते.