शिरस्त्राणाखालचा माणूस

पूर्वकथा सांगणारे चित्रपट मी आवडीने पाहतो. पण 'प्रोमिथिअस'वर माझा राग आहे. रिडली स्कॉट यांच्याच १९७९ च्या 'एलियन'मध्ये एका परक्या यानात आसनाशी एकजीव झालेला राक्षसी सांगाडा दिसतो. सोंडेसारखे तोंड, छातीच्या फासळ्या बाहेर वळलेल्या, जणू आतून काही फुटले. तो कोण, कुठला, चित्रपट सांगत नाही. मला सर्वांत भीती त्याचीच वाटली होती. २०१२ मध्ये त्याच दिग्दर्शकाने उत्तर दिले: सोंड म्हणजे शिरस्त्राण, आत पांढराफटक, धिप्पाड, माणसासारखाच माणूस! आणि मानवजात म्हणे त्यांनीच घडवली.

हे का सलले ते सांगतो. आमच्या पेडण्यात जत्रेला दशावतारी काला होतो. संकासुर काळा मुखवटा घालून येतो. आत माणूसच आहे हे पोरांनाही ठाऊक असते, तरी ती आईच्या पदराआड लपतात. मुखवटा काढून दाखवा, असे कोणी म्हणत नाही.

मित्र विचारतात, खुलासा नको तर पूर्वकथा कशाला? वाणिज्य शाखेचा विद्यार्थी खुलाशाला नाही म्हणतो, याचे त्यांना हसू येते. पण त्याच चित्रपटातला डेव्हिड हा यंत्रमानव पाहा. त्याच्या मनात काय आहे ते शेवटपर्यंत नीट कळत नाही, आणि मायकेल फासबेंडर पडद्यावर आला की मी सावरून बसतो.